जीपचे पुढचे पाटे

१० नोव्हेंबर, रविवार

पुढचं डावं चाक काढलं. यू-बोल्टचे नट गंजून एकजीव झालेत. आठपासून अकरापर्यंत एकच निघाला, तोही मोडून. आमच्या एसटी डेपोच्या वर्कशॉपात असती तं गॅसनं तापवला असता. घरी हातोडी अन् डिझेल.

ट्रक चालवणं सोडलं तेव्हा बाबानं ही जुनी जीप घेतली. "तू अन् मी मिळून उभी करू." इंजन मी दोन वर्षांआधी उभं केलं. पाटे, म्हणजे चाकावरच्या पोलादी पानांच्या स्प्रिंगा, राहून गेले. पुढचे पाटे इतके कडक, की चाकाखाली गोटा आला तरी बसणाऱ्याचं हाड हालते. आणि बाबाच्या कॅन्सरनं आता मणका धरला. नागपूरच्या डॉक्टरनं घरी न्या म्हटलं. वर, "धक्का लागू देऊ नका."

बाबाले एकदा आत्याकडे जायचं आहे. राळेगावच्या पुढं. आत्या ऐंशीच्या वर, खुबा मोडून खाटेवर, ती येऊ शकत नाही. भाड्याच्या कारमधे वाकून बसावं लागते. नागपूरहून येताना बाबा अर्ध्या रस्त्यात बेशुद्ध. ॲम्ब्युलन्सचं नाव काढू देत नाहीत. "आडवा होऊन अक्काच्या दारी गेलो तं ती पह्यलेच रडन." जीपची सीट उंच, सरळ, बाजूनं सरकून बसता येते. पण पुढंच बसणार. "ड्रायव्हर पुढं बसते. मागं माल."

तं पुढचे पाटे.

आज बाबा ओसरीवर भिंतीले टेकून एक तास बसले. मी काय काय चुकून राह्यली ते सांगत.

१२ नोव्हें.

ड्यूटी दुपारची, म्हणून सकाळ जीपले. दोन्ही बाजूच्या पाट्यांतून तीन-तीन पानं काढली. पानं कमी तं पाटा नरम, असा माहा हिशोब. जीप खाली आली, नाकावर पडल्यासारखी. फाटकाबाहेरच्या नालीवरून काढली अन् ॲक्सल सरळ चेसीवर आदळला. दाणकन. आधीपेक्षा वाईट.

बाबा आतून, खाटेवरून : "ठोकली ना!"

पानं परत भरली. हाताले दोन जागी लागलं.

१४ नोव्हें.

ड्यूटीच्या आधी रहीमचाचाकडे गेलती. पांढरकवड्यात हायवेच्या कडेले त्याचं पाट्याचं दुकान. बाबाच्या ट्रकचे पाटे तोच बांधत होता. ऐकून घेतलं अन् हसला नाही, हे बरं.

"पत्ती निकालनेसे गाडी नरम नई होती बेटी, बैठ जाती. लंबा पट्टा लगाओ. लंबा और पतला."

भंगारातून एक जोडी काढून दिली. हलक्या गाडीची. चार बोटं लांब. म्हणजे पाटा जिथं चेसीले टांगते ते हँगर कापून पुढं न्यावं लागन. वेल्डिंग.

निघताना विचारलं, "बाप कैसा है?" मी म्हटलं, बरे आहेत. त्यानं माह्याकडे पाह्यलं, मग भट्टीकडे.

१७ नोव्हें., रविवार

हँगर कापले. ग्राइंडरचा आवाज बाबाले सहन होत नाही हे मले माहीत नव्हतं. आईनं येऊन सांगतलं. मग हातकरवतीनं. एका बाजूले दोन तास.

दुपारी वेल्डिंग. बाबाले खुर्चीसहित उचलून अंगणात आणलं, त्याइनंच म्हटलं म्हणून. दोऱ्यानं माप घ्यायले लावलं. "या टोकापासून त्या टोकापर्यंत. मंग आडवा. दोन्ही सारखे पाह्यजे." उजवं बरोबर. डावं अर्धा इंच मागं. मी म्हटलं, चालते. बाबा म्हणे, "संगे, रस्ता नाही म्हणत चालते."

परत कापलं.

संध्याकाळपर्यंत दोन्ही लागले. पण बाबा वीस मिनिटंच बसू शकले. मागच्या रविवारी तास होता.

१९ नोव्हें.

काही नाही. बाबाले गोळी लागू पडत नाही. कूस बदलायले मी अन् आई दोघी लागतो.

२१ नोव्हें.

नवे बुश, नवे शॉकअप टाकले. आता सगळं नवं, चेसी सोडून.

आत्याचा फोन आलता, तिच्या नातवानं व्हिडिओ लावून दिला. आत्या फोन कानाले लावते, मग दिसते फक्त कान अन् पांढरे केस. बाबा म्हणे, "अक्का, समोर धर, तोंड दाखव." ती म्हणे, "ऐकू येत नाही मंग." दहा मिनिटं हेच. शेवटी बाबा तिच्या कानाशीच बोलले. "येतो मी. पोरगी गाडी बनवून राह्यली."

"कवा?"

बाबानं माह्याकडे पाह्यलं. मी बोट दाखवलं, एक. एक आठवडा.

२४ नोव्हें., रविवार

चालवून पाह्यली. गल्लीत लोणी. गतिरोधकावर नाक असं वर गेलं अन् खाली आलं, की मले हसू आलं. एकटीच मोठ्यानं हसली. हायवेच्या बाजूच्या रस्त्यावर काढली, तीस, पस्तीस, मजा.

चाळीसले स्टेअरिंग थरथरू लागलं. आधी बारीक. मग दोन्ही चाकं अशी फडफडली, की हातातून स्टेअरिंग सुटते का काय. सारी गाडी अंगात आल्यासारखी. ब्रेक दाबला, कशीबशी कडेले घेतली. मागून कापसाचा ट्रक हॉर्न देत गेला.

खाली उतरून मुरमावर बसली.

यात मी बाबाले बसवणार होती.

२५ नोव्हें.

बाबाले सांगायचं नव्हतं. पण त्याइनं दोनदा विचारलं.

"कितीवर?"

"चाळीस."

"तीसनं जाऊ."

"खड्डा आला की तीसवरबी करते बाबा."

डोळे मिटले. मले वाटलं झोपले. मी उठली तं म्हणे, "पाटे लांब झाले. हँगर पुढं गेलं. ॲक्सलनं मान खाली घातली. पाट्याच्या अन् ॲक्सलच्या मधात पाचर मार. मान वर कर त्याची."

हे मले सुचाले पाह्यजे होतं. आयटीआयमधे शिकवलं होतं, कागदावर.

२६ नोव्हें.

रहीमचाचा दोन दिवस नाही, मुलीकडे गेला. पाचर दुसरं कोणी करून देत नाही. एक जण म्हणे, "ताई, विकून टाका."

बाबा आज उठून बसले नाहीत.

२८ नोव्हें.

चाचा आला. लोखंडाच्या दोन पाचरी, भट्टीतून काढून घासून दिल्या. मी रजा टाकली. एकपर्यंत बसवल्या.

साठवर नेली. काही नाही. खड्ड्यात मुद्दाम घातली. काही नाही. परत आली, आईले बाजूले बसवलं, मारेगावच्या रस्त्यानं चार-पाच किलोमीटर नेलं. आई कधी माह्या गाडीत बसत नाही. दोन्ही हातानं दांडी धरून बसली. मग एक हात सोडला. मग म्हणे, "झोप लागते वं यात."

घरी येऊन बाबाले सांगतलं. झाली. रविवारी निघू.

"हो," म्हणे. बस. कितीवर नेली ते विचारलं नाही.

१ डिसेंबर, रविवार

बाबाची दाढी केली. पांढरा शर्ट. उशा, चादरी, कमरेचा पट्टा. गोळी निघायच्या अर्धा तास आधी. आई मागं बसली, पाण्याची बाटली अन् वाडगं घेऊन. आत्याले कळवलं होतं, तिथं वरण-पोळीचा स्वयंपाक मांडला होता.

बाबा पुढं बसले. समोरची दांडी धरली. फाटकातून निघालो तेव्हा शेजारचा म्हणे, "कुठं, काका?" बाबानं हात वर केला, ट्रकवाले करतात तसा.

खरंच एक धक्का बसला नाही. मी रस्त्यापेक्षा त्याइच्या हाताकडे जास्त पाहून राह्यली होती. सहा किलोमीटर झाले. दांडीवरची बोटं पांढरी.

"बाबा, धक्का लागला का?"

"नाही."

"मग?"

थोडं पुढं गेल्यावर, "थांबव."

तुरीच्या शेताकडेले थांबवली. घाम सुटला होता, ओठ काळे. आई मागून पाठ चोळे, तं बाबानं तिचा हात झटकला. पाच मिनिटं. दहा.

"गाडी चांगली झाली संगे," म्हणे. "मलेच बसवत नाही. आता नुसतंबी बसवत नाही."

मी म्हटलं, सीट मागं पाडतो, टेकून बसा, आडवे व्हा, अर्धा रस्ता तर…

"फिरव."

पंधराच्या स्पीडनं घरी आलो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत. खाटेवर ठेवताना ओरडले. आजपर्यंत ओरडले नव्हते.

आत्याले फोन आईनं केला.

२ डिसें.

आईनं आज भांडे घासता घासता म्हटलं, माह्याकडे न पाहता. "त्या पह्यल्या रविवारी तशीच नेली असती तं पोचले असते."

रागानं नाही म्हटलं. म्हणून जास्त लागलं.

खरं आहे का? तेव्हा तासभर बसत होते. कडक पाट्यावर हळूहळू, थांबत थांबत… माहीत नाही. तीन आठवडे मी गाडीखाली होती. बाबा बसू शकत होते ते तीन आठवडे.

३ डिसें.

डेपोत एका बसचे पाटे बदलायचे होते. दुसऱ्याले दे म्हटलं.

४ डिसें.

बाबा झोपेत गावांची नावं घेतात. हिंगणघाट. जाम. अदिलाबाद. मधात कोणाले तरी "साइड दे बे."

५ डिसें.

आत्याचा फोन. यावेळी समोर धरला होता, तोंड दिसत होतं. मलेच मागितलं.

"गाडी नरम झाली म्हणते ना तुही माय?"

"झाली."

"मंग मले ने."

मागून आतेभाऊ, बाळूदादा, ओरडला, "चार महिने झाले खाटेवरून उतरली नाही! रस्त्यात काही झालं तं?" आत्या त्याच्याकडे न पाहता म्हणे, "तो येऊ शकत नाही तं मी येतो. आता आम्ही दोघंबी जायच्याच वाटेले लागलो. संगे, रविवारी ये."

हो म्हटलं. फोन ठेवल्यावर आई म्हणे, "रविवारपर्यंत?"

उद्याच गेली असती, पण रजा मिळत नाही. एक गडी आजारी, एक लग्नाले. परवाचीही नाही. साहेबाले दोनदा विचारलं.

७ डिसें.

बाबानं कालपासून काही खाल्लं नाही. चमच्यानं पाणी. ड्यूटीवर जायच्या आधी जीपचे सगळे नट तपासले. हे एवढं येते मले.

८ डिसें., रविवार

आत्याच्या अंगणातून लिहून राह्यली, स्टेअरिंगवर वही ठेवून. साडेदहा वाजले.

सकाळी निघताना बाबाच्या कानाशी वाकून सांगतलं, आत्याले आणायले जातो. म्हणे, "कोण?" मी म्हटलं, "तुमची अक्का." डोळे उघडले. समजलं का नाही, माहीत नाही. आई दाराशी आली नाही, त्याइचा हात धरून होती.

येताना गाडी रिकामी, तरी हळू चालवली. का ते माहीत नाही.

बाळूदादा आधी भांडला. "काही झालं तं मी जबाबदार नाही." मग स्वतःच गादी आणून जीपच्या मागं अंथरली, दाबून पाह्यली, काढली, दुसरी जाड आणली. आत्या म्हणे पुढं नको, मागं निजून येतो, मले काय त्याच्यासारखी ड्रायव्हरकी करायची हाय.

आता आत वहिनी तिची वेणी घालून राह्यली. मी म्हटलं, आत्या, उशीर होते. तं आतून आवाज, "तो पाहीन ना मले! अशी जाऊ का त्याच्यासमोर?"

फोनवर आईचे दोन मिस कॉल आहेत. पहिला पाच मिनिटांआधीचा. रेंज एक दांडी, जाते, येते.

दादा अन् त्याचा शेजारी खाट उचलून दारातून काढून राह्यले. आत्यानं दोन्ही हातानं डोक्यावरचा पदर धरला आहे अन् जीपकडे पाहून हसून राह्यली.

आधी तिले नीट बसवतो. मग लावीन आईले फोन.