दोन महिन्यांची बाकी आणि चार पावलं

सोमवार, ३ जून

गोटूच्या आईने आजही फी दिली नाही. एप्रिल गेला, मे गेला. मार्चची दिली होती, पण अशा थाटात की जणू मीच तिच्याकडे उसने मागायला गेले होते.

पाळणाघराच्या दारामागे पाटी आहे — 'फी पाच तारखेच्या आत, आगाऊ.' पाटी मीच लिहिली. अक्षर चांगलं आहे, सगळे आईबाप कौतुक करतात. अक्षराचं.

मंगळवार, ४ जून

माझ्याकडे प्रत्येक मुलाची वही असते. काय खाल्लं, किती झोपलं, कुठे धडपडलं. संध्याकाळी वही घरी जाते, सकाळी खाली आईची सही होऊन येते. काल गोटूच्या वहीत लिहिलं होतं, 'दोन महिन्यांची फी बाकी आहे, कृपया लक्ष द्यावे.' आज खाली सही आणि शेजारी एक हसरा चेहरा!

दहा तारखेला घरमालकीण भाडं न्यायला येतील. हसरे चेहरे चालतात का, विचारून बघते.

बुधवार, ५ जून

बाकी दोघांची फी आली. गोटूच्या पिशवीतून काय आलं? बूट. नवे कोरे, लाल. 'चालायला लागेल ना आता, काकू. पायांना सवय हवी.'

ऑफिसात पगार अडकलाय म्हणे दोन महिने. असेल बाई. बुटांचं झाड असेल दारात.

गुरुवार, ६ जून

गोटू चालला!

साडेअकराला. कपाटाला धरून उभा होता. हात सोडला, चार पावलं टाकली आणि माझ्या गुडघ्यांवर येऊन आदळला. अनवाणी — बूट कोपऱ्यात शोभेला. मी रडले. मला काही लागलं असं वाटून बाकीची दोघंही रडायला लागली.

आमच्या कामात एक गोष्ट कुणी शिकवत नाही, पण सगळ्याजणी पाळतात. पहिलं पाऊल आपण पाहिलं तरी सांगायचं नाही. चार दिवसांनी आई धावत येते, 'काकू, काल चालला!' मग आपण तोंडाचा आ करायचा. अकरा वर्षांत सोळा वेळा आ केलाय मी. एखाद्या नाटकवाल्याने आनंदाने नेलं असतं मला.

वहीत लिहिलं — नीट जेवला, दीड तास झोपला.

शुक्रवार, ७ जून

सकाळी नवरा म्हणाला, 'तोंडावर सांग ना. वहीत काय प्रेमपत्रं लिहीत बसतेस?'

सांगितलं. ती पाऊण तास उशिरा आली, बस चुकली म्हणे. मी म्हटलं, सोमवारी पैसे नसतील तर त्याला आणू नका. 'काकू, पगार झाला की लगेच देते हो. तुमच्याशिवाय कोण आहे आम्हाला?' आणि मग कोपऱ्यातले बूट उचलून, 'हे घालत नाही का तुम्ही त्याला?'

माझा तोल सुटला. म्हटलं, 'बुटांवाचून अडलं नाही त्याचं. काल चालला तो. इथे, माझ्याकडे. फुकटात.'

तिने बूट पिशवीत घातले, चेन लावली. चेन दोनदा अडकली.

जिंकले एकदाची.

शनिवार, ८ जून

सुट्टी. कपाटावर गोटूच्या चिकट बोटांचे ठसे आहेत. फडकं घेऊन गेले आणि तशीच परत आले.

पैसे माझे थकलेत, कष्ट माझे, आणि लाजही मलाच वाटतेय. तिच्याकडून काढून घेतलं मी ते पहिलं पाऊल. परत कसं द्यायचं, ठाऊक नाही.

सोमवार, १० जून

आठला बेल. पाकिटात दोन्ही महिन्यांची फी, पूर्ण. पगार शनिवारी झाला. मी न मागता तिने पगाराची स्लिपही दाखवली. गोटू कडेवर, पायांत लाल बूट.

जमिनीकडे बघत म्हणाली, 'काकू, काल चालला हो. घरी. पहिल्यांदाच.' मग मान वर करून माझ्याकडे बघत राहिली.

मी तोंडाचा आ केला. 'अगंबाई, खरंच?'

ती गेल्यावर वही उघडली. तिच्या अक्षरात एकच ओळ — 'पहिलं पाऊल: रविवार, घरी.'

खाली मी सही केली.