तुझा फोटो संगणकानं अडवला

प्रिय शारदा,

लिहायला फार उशीर केला, रागावू नकोस. तू गेल्यावर पेन धरवेना. आज धरलं, कारण तुझ्या वर्षश्राद्धाचं कार्ड उद्या सकाळी छापायचं आहे आणि आपल्याच प्रेसच्या संगणकानं तुझा फोटो अडवलाय!

छापण्याआधी प्रत्येक काम तू नजरेखालून घालायचीस ना? आता ते संगणक करतो. आपल्या सुनेनं, मीरानं बसवलंय. अक्षरं फुटली, कडेची जागा कमी पडली, फोटो अंधुक असला, की लाल खूण येते. फाइल पुढे सरकतच नाही. सातवी शिकलेला मी, लाल रंग तेवढा कळतो.

कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तुझा चेहरा कापून मोठा केला, तर अंधुकच येणार. कॅमेरा दिसला की तोंड फिरवायचीस. एकदा तरी नीट उभी राहायचीस गं!

आपला लेक रवी म्हणाला, "अण्णा, फोटोचा नियम आजच्यापुरता बंद करू. स्वल्प अ‍ॅडजस्ट, थोडं चालवून घेऊ."

मीरा उसळली, "मागे एका लग्नपत्रिकेसाठी अक्षरांचा चेक असाच आजच्यापुरता बंद केलास. परत ऑन कोणी केला?"

कोणीच नाही. लगेच पुढचं काम औषधाच्या माहितीपत्रकांचं होतं. कन्नड जोडाक्षरं सुटी होऊन पडली. गोळी कधी घ्यायची, तेच वाचता येईना. गठ्ठे बोम्मसंद्र्याच्या औषध कारखान्याला निघता निघता दिसलं म्हणून वाचलो. एखाद्या आजाऱ्यानं भलतंच घेतलं असतं तर?

मीरानं फोटो लहान करून दाखवला. चेहरा स्पष्ट आला, संगणकानंही सोडला. पण टपालाच्या तिकिटाएवढी तू! लोक म्हणतील, बायकोला एवढीच जागा?

तू तर सख्ख्या भावाची पत्रिका अडवली होतीस. "दादा असला म्हणून काय झालं? वाकडं छापून देणार नाही!"

मी रवीला सांगितलं, नियम चालूच राहू दे. सांगितलं खरं, पण तो तिकिटाएवढा फोटो पुन्हा पुन्हा बघतोय.

मी असेपर्यंत तो नियम कुणासाठीही बंद होणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही. वचन देतो.

पण लहान फोटो चालेल ना तुला? स्वप्नात ये, नुसती मान हलव. मशीन सुरू व्हायच्या आत कळव गं.

तुझाच,
वामन