सोबतिणीचा नकार

३ जून
नोकरी लागली! व्हिडिओ गेममधल्या पात्राला आवाज द्यायचा. आई म्हणाली, दिवसभर घरात टकळी चालवायचीस, आता त्याचे पैसे मिळणार. स्टुडिओ तळघरात आहे, पण लख्ख. मालकांचं घर वरच. मालक बोलायला लाघवी. फक्त हात मिळवला तर तळवा चिंब ओला. मी माझा हात गुपचूप रुमालाला पुसला. रेकॉर्डिंग करणाऱ्या काकांना सगळे बटणकाका म्हणतात. मालकांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, चहा दिला. काय गोड बाई! कशालाही हो म्हणतात.

५ जून
काम समजलं. खेळात खेळाडूबरोबर एक सोबतीण फिरते. लढते, त्याच्या जखमा बांधते. खेळाडू तिला प्रेमाची मागणी घालतात आणि ती एकूण एकाला झटकून टाकते. तिने नकार द्यावा असं कुणी लिहिलेलंच नाही, तरीही. खेळाडू पिसाळलेत. ते तिला काय काय लिहून पाठवतात हे बटणकाकांनी दाखवलं. शी! डबा तसाच परत आणला.
तर मी तिच्यासाठी होकार रेकॉर्ड करायचे. लाजून, हसून, कुजबुजत. माइकवरचा स्पंज मात्र जुनाट, त्याला कुणाच्या तरी शिळ्या तोंडाचा वास. बदला म्हटलं तर मालक म्हणाले, याच स्पंजने आवाज छान येतो.

९ जून
दिवसभर हो, हो आणि हो. मालक काचेपलीकडे खोकल्याची गोळी मचमच चघळत बसतात आणि आणखी गोड म्हण, म्हणतात. संध्याकाळी बटणकाकांनी खेळ लावून पाहिला. सोबतिणीला मागणी घातली. ती म्हणाली, नाही. माझ्या आवाजात! तो शब्द मी रेकॉर्ड केलेलाच नाही. काकांनी सगळ्या फायली उलट्यापालट्या केल्या, कुठे सापडला नाही. स्पंज काढला तर बोटांना कोमट, चिकट पाणी लागलं.

१० जून
मालकांनी तोंडातली गोळी दातांनी फोडली आणि अर्धी काढून माझ्यापुढे केली. नको म्हणायला तोंड उघडलं, तर मी हो म्हणाले. ती गोळी मी खाल्ली. दात घासून घासून हिरड्या सोलल्या, तरी ती चव जात नाही.

११ जून
बाकी सगळं बोलता येतं. नकार तेवढा घशाशी येऊन विरघळतो.
बटणकाकांना सांगितलं तर ते पांढरेफटक पडले. म्हणाले, सोबतिणीचा पहिला आवाज वहिनींचा होता. तेव्हा त्या मालकांना चारचौघांत फैलावर घ्यायच्या. मालकांनी लग्नाचं विचारलं, तर तोंडावर नाही म्हणाल्या. मग मालकांनी त्यांच्याकडून सोबतिणीचे होकार रेकॉर्ड करून घेतले. थोड्याच दिवसांत लग्न.
सोबतिणीला दिवसभर हजारो जण विचारतात. तिला नकार पुरत नाहीत. आमचे घेते. तिची चूक म्हणू तरी कशी, ते संदेश मीही वाचलेत.

१३ जून
काकांनी मुद्दाम विचारलं, नोकरी सोडून जातेस का? मी हो म्हणाले! पिशवी उचलून पळाले. जिन्यात मालक. म्हणाले, थांबतेस ना —
थांबले.

१४ जून
आता लिहितानासुद्धा हात अडतो. त्या शब्दापाशी पेन थबकतं. काकांना मालकांनी कामावरून काढलं.
खेळ मी एकटीने लावला. सोबतीण पडद्यातून थेट माझ्याकडे बघत होती. माझं परत दे, म्हणाले. रडले. ती म्हणाली — माझ्याच आवाजात, माझाच तो —

१५ जून
मालक म्हणतात, वर घरात राहायला ये. बायकोला विचारलंय. वहिनी शेजारीच होत्या. हो, म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी, ओठांवर तेच गोड —
किळस येते. मालकांची, माझ्या जिभेची —
बाथरूमला कडी लावून बसलेय. दाराबाहेर मचमच. विचारतायत. पुन्हा विचारतायत. डाव्या हाताने तोंड घट्ट दाबलंय, तरी बोटांमधून काहीतरी ओलं, कोमट, ह —