तेच आयुष्य दोनदा सांगणाऱ्या द्वारकाअक्कांना

प्रिय द्वारकाअक्का,

परवा विमल माझ्या ऑफिसात आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "बाई, द्वारकाअक्का गेल्या. दसऱ्याच्या आधीच." म्हणजे महिना उलटून गेला होता आणि मला पत्ताच नव्हता. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आता वाचून दाखवायलाही कुणी लागणार नाही. तेव्हा लिहितेच.

आपली पहिली भेट आठवते? जळगावच्या इस्पितळात, क्षयाच्या वॉर्डात. मी चाळीसगावची, मुंबईत समाजकार्य शिकून नुकतीच नोकरीला लागलेली. रोग्यांशी बोलायचं, धीर द्यायचा, उपचार अर्धवट सोडू द्यायचे नाहीत, हे माझं काम. तुम्ही गाठोडं बांधून कॉटवर बसला होतात. सुया नकोत, घरी जाऊन मरते, म्हणत होतात.

मनात काय दुखतंय, असं मी विचारलं आणि तुम्ही सांगितलंत. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला. भाऊ यावलकडच्या गावी घेऊन आला. तीस वर्षं त्याच्या घरी भाकरी थापल्यात, लोकांच्या केळीत राबलात. "भावजयीची चार बायंतपनं म्या काढली. फुकटची दाई. माह्या जलमाचं काय झालं, सांगा बरं?"

मी सांगितलं की! सेवा, त्याग, असलं बरंच काही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बाई, गोड नका बोलू. माह्या तोंडाले चव नाही."

त्या दिवशी मी खोलीवर जाऊन रडले. हे तुम्हाला कधी कळू दिलं नाही. थोडा रागही आला होता तुमचा. एवढं शिकून आलेल्या मुलीचं एक वाक्य तरी ठेवून घ्यायचं होतंत.

गाठोडं सुटलं ते माझ्यामुळे नाहीच. दोन दिवसांनी शेजारच्या कॉटवर विमल आली. वीस वर्षांची, माहेर धुळ्याकडचं, सासर नशिराबादचं. सासरचे तिला सोडून गेले ते परत फिरकलेच नाहीत. ती भिंतीकडे तोंड करून पडायची. सुई घ्यायची नाही. "माले घर जानं शे," एवढंच म्हणायची. कोणतं घर, ते तिलाही सांगता येत नव्हतं. माझे सगळे उपाय थकले.

मग एका दुपारी मी दाराशी रजिस्टर भरत होते, आणि तुम्ही उठून तिच्या कॉटवर जाऊन बसलात. आपली हकिकत सांगू लागलात. तीच हकिकत. माझा हात लिहिता लिहिता थांबला.

"माहा नवरा गेला तवा मी तुह्याएवढी. वाटलं, संपलं. भावानं घरी आनलं, तं दुसऱ्या दिवशी इळा घेतला अन् केयीच्या बागात गेली. कोन्ही म्हटलं नव्हतं. भावजय तोंडाले येईन ते बोले. पन चारी बायंतपनात तिनं हात माहाच धरला. तिची माय बाजूले बसेल व्हती, तरी माहाच."

विमलनं तोंड वळवलं. "मंग?"

"मंग काय, आंधी सुई घे. मंग सांगते."

तिनं घेतली, अक्का. आणि तिचे उपचार संपेपर्यंत म्हणून तुम्हीही थांबलात. पुरे सगळे महिने.

मी नंतर विचारलं होतं, "मला तर तुम्ही वेगळंच सांगितलं होतं?" तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. "तुमी इचारलं, काय दुखतं. तिले पाहिजे व्हतं, कशी जगली." त्यात खोटं काहीच नव्हतं. पहिलंही खरं, दुसरंही खरं. पण दुसरं सांगून तुम्ही उठलात तेव्हा तुमची पाठ ताठ होती. ते मी पाहिलं.

तेव्हापासून मी कुणाच्या आयुष्याला अर्थ लावून देत नाही. माणसाला बोलू देते. ज्याला त्याची गोष्ट उपयोगी पडेल असा दुसरा कुणी वॉर्डात दिसला, तर त्याच्याजवळ नेऊन बसवते. वॉर्डाचे डॉक्टरसाहेब म्हणतात, बाई नुसत्या खाटा बदलत असतात. म्हणोत.

विमल बरी आहे. माहेरच्या गावी बालवाडी चालवते. परवा रडली थोडी, मग मुलांची गाणी सांगत बसली. चहा थंड झाला तरी उठेना.

एक मात्र राहून गेलं. घरी जाताना तुम्ही म्हणाला होतात, थंडीत या, वांगे भाजू, भरीत करू. चार हिवाळे गेले. दरवर्षी काही ना काही निघालं. तुम्ही वाट पाहिली असेल का? असेल, असंच वाटतं.

या थंडीत येते. तुमच्या भावजयीजवळ चुलीपाशी बसेन. तुमच्याबद्दल त्या जे सांगतील, जसं सांगतील, तसं ऐकेन. मध्ये बोलणार नाही.

तुमची,
सुमनबाई