सव्वासहाची फेरी

प्रिय बाबा,

माझं कागदावरचं पत्र बघून तुम्ही आधी पाकीट उलटंपालटं कराल, मग चष्मा पुसाल आणि पहिल्याच ओळीत शुद्धलेखनाची चूक काढाल. खुशाल काढा. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसापुढे मी कधीच पास झाले नाही. पण आज चूक ऱ्हस्वदीर्घाची नाही. मला माझीच लाज वाटते आहे, आणि ती फोनवर ओरडून सांगता येणार नाही. तुम्हाला कमी ऐकू येतं आणि शेजाऱ्यांना जरा जास्तच. रविवारी दादा घरी यायच्या आत हे तुमच्या हातात पडायला हवं, म्हणून कुरिअरने पाठवते आहे.

तुमच्या टेबलावर तो जुना कॉम्प्युटर बसवला तो दिवस आठवतो? ऑफिसात मी दिवसभर जे करते तेच तुम्हाला दाखवलं होतं. समोर काळी खिडकी, त्यात एक ओळ टाईप करायची, की दूरच्या गावातलं मशीन उघडतं. चावी म्हणून एक फाईल जपून ठेवली की पासवर्डही लागत नाही. तुमच्या मशीनची चावी मी माझ्याकडे ठेवली, काही बिघडलं तर इथूनच दुरुस्त करता यावं म्हणून. तुम्ही विचारलंत, तू येऊन गेलीस हे मला कळणार कसं? मग मी लॉग उघडून दाखवला, कोण आलं, किती वाजता आलं. लॉगिन केल्या केल्या दिसणारा स्वागताचा मजकूर कसा बदलायचा तेही शिकवलं. तुम्ही दोन बोटांनी लिहिलंत, "पाय पुसून आत ये." किती हसलो होतो आपण.

त्यानंतर फोनवर तुमचं एकच पालुपद. रोज सव्वासहाला येतेस, बरं वाटतं. मी हो हो म्हणत राहिले. तुम्ही थट्टा करताय असं वाटलं, असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. मला काहीच वाटलं नाही. मी नीट ऐकलंच नव्हतं.

मंगळवारी ऑफिसात सगळ्या चाव्या बदलल्या. तुमचीही बदलावी म्हणून मी सात महिन्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने तुमच्या मशीनवर लॉगिन केलं, तर स्वागताचा मजकूर संपता संपेना. तुम्ही रोज तारीख घालून वर नवी ओळ लिहीत होतात, खालचं काही न खोडता. त्या खिडकीत काना-मात्रा कुठल्या कुठे पडतात, तरी सगळं वाचता आलं. "फोनवर आवाज बसलेला वाटला. औषध घेतलंस का?" "गुलाबाला एक कळी." "मास्तर गेले. पत्ते खेळणाऱ्या चौघांतला मी उरलो." आणि फेब्रुवारीतली एक ओळ, "सकाळी न्हाणीघरात घसरलो. कोपर सोलवटलं. दादाला कळवलेलं नाही, उगाच घाबरेल. सव्वासहाला तू आलीस, धीर आला."

बाबा, सव्वासहाला माझी एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटासा प्रोग्राम, चक्कर मारते. मीच लिहिलेली. ती ऑफिसच्या चाळीस मशीनची दारं एकामागून एक उघडते, डिस्क भरली का ते बघते आणि मला हिरवी ओळ पाठवते, "ठीक." त्या यादीत एक्केचाळिसावं नाव मी तुमचं घातलं होतं. स्वागताचा मजकूर तिला दाखवलाच जात नाही. हिरव्या ओळी मी उघडतही नाही, लाल आली तरच धावते. तुमचं कोपर सोलवटलं त्या संध्याकाळी तुम्ही "ठीक" होतात. देखल्या देवा दंडवत म्हणतात, तो तरी माणूस स्वतः घालतो. मी तोही दुसऱ्याकडून घालून घेतला, आणि वर लेक किती काळजी घेते हे कौतुकही गुपचूप पदरात पाडून घेतलं.

मंगळवारीच तुमचं नाव यादीतून काढलं. ठरवलं, आता रोज मी येणार, स्वतः. बुधवारी आले. गुरुवारी मीटिंग लांबली आणि मी चक्क विसरले. आज सकाळी घाईघाईने उघडलं तर तुमची ओळ होती, "काल आली नाहीस. बरी आहेस ना? दादा रविवारी येतोय, कायमचं माझ्याकडे राहायला चला म्हणतो. मी नाही सांगणार आहे. लेक रोज येते, मी एकटा कुठे?" स्क्रिप्ट पुन्हा लावून दिली असती तर तुम्हाला लॉगमध्ये तसूभरही फरक दिसला नसता. खरं सांगते, तुमचं नाव यादीत परत घालणारी ओळ मी टाईप केली होती. मग पुसली आणि हे लिहायला बसले. दादाला काय उत्तर द्यायचं ते तुम्ही ठरवा, पण मला धरून ठरवू नका. मी बरी आहे, बाबा. काल आले नाही. आणि मंगळवार-बुधवार सोडले, तर त्याआधीच्या सात महिन्यांतही मी एकदाही आले नव्हते.

तुमचीच,
खारू