कोळ्याच्या पोरीला बोट लागते

बाबा,

गेटवेहून मांडव्याच्या बोटीत बसून हे लिहितेय. तुला देणार नाही, पण पोटात काहीच राहत नाहीये, तर निदान हेही बाहेर पडू दे.

मस्कतच्या शाळेत शिकवायला लागल्यापासून सुट्टीत झांजीबार पाहिलं, व्हिएतनाम पाहिलं, शाळेची पोरं घेऊन तुर्कस्तानला जाऊन आले. दर वेळी फोनवर तुला सांगितलं, "बाबा, आता मला बोट लागत नाही." साफ खोटं! झांजीबारला मी होडीच्या काठावर ओणवीच होते, आणि इस्तंबूलला तर माझ्याच विद्यार्थ्यांनी माझी पाठ चोळली.

लहानपणी तू माझ्या नाकाशी लिंबू धरून म्हणायचास, "कोल्याची पोर आन् बोट लागते? कुनाला सांगू नको." म्हणून मग तुलाही नाही सांगितलं.

आता तू खूश होऊन आपली होडी घेऊन मला न्यायला येतोयस. जेट्टीवरून थेट घरापर्यंत, समुद्रातून! रिक्षा कर म्हणायला तोंड कुठून आणू?

थांब, दिसलास. नवा शर्ट घातलायस. एक हात जोरजोरात हलवतोयस.

आणि दुसऱ्या हातात, बाबा, लिंबू!

कोळ्याचीच पोर,
प्राची