शिलाई मशीन धाकटीला, एका अटीवर

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, गणवेश शिवणाऱ्या घरातली थोरली मुलगी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या धाकाविना हे लिहीत आहे. येत्या गुरुवारी वजन उतरवण्यासाठी माझ्या जठराची शस्त्रक्रिया आहे. वजन एकशे अठ्ठावीस किलो, साखर व रक्तदाब वाढलेले, गुडघे झिजलेले, झोपेत श्वास मध्येच थांबतो. डॉक्टर म्हणतात, धोका कमी आहे. कमी म्हणजे शून्य नव्हे, म्हणून हे मृत्युपत्र. खोडाखोड करू नका, असे वकिलांनी बजावले आहे. चूक झाल्यास पुढच्या कलमात दुरुस्त करीन.

एक. बँकेतली शिल्लक आईला. तिने आधी स्वतःचे गुडघे दाखवून घ्यावेत. ‘मला काय धाड भरलीय’ हे उत्तर चालणार नाही.

दोन. माझे शिलाई मशीन धाकट्या बहिणीला, एका अटीवर: तिने त्यावर रोज नऊ तास बसावे, सोळा वर्षे.

तीन. अटीचे कारण. आमच्याकडे शिवणारा बसतो, कापणारा उभा. वडिलांनी मला मशीनवर बसवले, तिला कापायच्या टेबलाशी उभे केले. ती दिवसभर टेबलाभोवती फिरते, कापडाचे ठाण उचलते. शिवाय सकाळी चालायला जाते आणि येताना जिन्यात गुणगुणते. तोच जिना मी दोनदा थांबून चढते. आईने दोघींना एकाच पातेल्यातले वाढले. गिऱ्हाईक विचारते, ‘सख्ख्या बहिणी?’ तेव्हा ती हसते. ते हसणे मी माफ केलेले नाही.

चार. माझे कपडे उसवून त्या कापडाचे एप्रन करावेत. आई माझ्या प्रत्येक कपड्यात तीन बोटे माया ठेवी, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड. जरा काचले की मी बोलायच्या आत ती उसवून सैल करी. अंग सुटल्याचे लोकांना बटण तुटल्यावर कळते. मला सोळा वर्षांत काहीच घट्ट झाले नाही. गेल्या वर्षी नर्सने रक्तदाबाचा पट्टा दंडाला गुंडाळला, तो पुरेना. तिने मोठा आणला, तेव्हा पहिल्यांदा खरे वाटले. आईला दोष नाही. तिने मुलीला काचू दिले नाही, एवढेच.

पाच. कलम तीनमध्ये अर्धसत्य आहे. वडिलांनी बसवले नाही, विचारले. ‘थोरली तू, आधी तू निवड.’ मी पंधरा वर्षांची. म्हटले, ‘खुर्ची माझी. हिला ठेवा उभी.’ बहीण रडली होती. डॉक्टरही म्हणाले, ‘सगळे खुर्चीवर ढकलू नका. अंगाची ठेवण घराण्यातून येते. पण रोज अर्धा तास चालला असतात, तर साखर एवढी चढली नसती. आणि शस्त्रक्रियेनंतरही चालण्यातून सुटका नाही.’ बहीण कितीदा म्हणाली, ‘ताई, चल की, कोपऱ्यापर्यंत तरी.’ मी म्हणायची, ‘तू जा. तुला काय, वाऱ्यानेही उडशील.’ ती पुढे आणि मी धापा टाकत मागे, हे रस्त्याला दिसले असते, म्हणून गेले नाही.

सहा. सबब कलम दोनमधली अट रद्द. मशीन बिनशर्त तिचे. दर तासाला उठून फिरावे. ज्याला काही मिळते तो साक्षीदार नसावा, असे वकील म्हणाले, तेव्हा मशीन तिला मिळूच नये म्हणून मी तिलाच साक्षीदार करणार होते. हेही लिहून ठेवते, नाहीतर गुरुवारी झोप लागणार नाही.

सात. मी जिवंत परतले तर हे सर्व रद्द. मग टेबलाशी मी उभी राहीन, मशीनवर ती बसेल. हे आज तिला सांगितले.

‘आणि मी जाडी झाले तर?’ तिने विचारले.

‘मला बरे वाटेल,’ मी खरे ते सांगितले.

‘किती ग द्वाड तू! अर्धा दिवस तू, अर्धा दिवस मी. पण ये परत.’

मग टेबल माझ्या उंचीला यावे म्हणून तिने वाकून त्याच्या पायांखालच्या चारही विटा काढल्या. ती माझ्यापेक्षा उंचही आहे.

सही: थोरली
साक्षीदार: १. शेजारचा चष्मेवाला २. बटणे पुरवणाऱ्या बाई (दोघांनाही यातून काही मिळत नाही, हे समजावून दिले आहे.)
ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: सोमवार, सात तारीख, दुपारी